आवाज येतो, चित्र का नाही?

भाचीने आयफोनवर काढलेला बारशाचा व्हिडिओ तिच्या फोनवर लख्ख दिसतो. पेनड्राइव्हवरून तोच संगणकावर उघडला, की पाळणा ऐकू येतो आणि चित्राच्या जागी नुसता काळा पडदा. वीस वर्षांपूर्वी फोटो स्टुडिओवाल्याने करून दिलेली लग्नाची डीव्हीडी दिवाणखान्यातल्या प्लेयरवर बिनबोभाट चालायची. नव्या संगणकाला ड्राइव्ह जोडून ती घातली, तर ही कशाने उघडायची असे संगणकच आपल्याला विचारतो. फाइल खराब असती, तर ती फोनवरही चालली नसती. संगणक बिघडला असता, तर बाकीचे व्हिडिओही अडले असते. दोन्ही धडधाकट, आणि तरी दोघांचे जमत नाही.

असे न जमणारे व्हिडिओ दाखवण्यासाठी खास प्लेयर असतात. नारिंगी शंकूच्या चिन्हाचा व्हीएलसी हा त्यातला बहुतेकांच्या ओळखीचा. अशा प्लेयरची नवी आवृत्ती सर्वांच्या हाती देण्याआधी तिची कच्ची, म्हणजे ‘बीटा’ आवृत्ती बाहेर काढतात आणि ती वापरून दोष कळवा, असे आवाहन करतात. हे काम संगणकतज्ज्ञांचे, असे समजून बहुतेक जण त्याकडे पाहतही नाहीत. प्रत्यक्षात त्या आवाहनाला हवा असतो तो एखादी चमत्कारिक फाइल जवळ असलेला माणूस. त्याला प्रोग्राम लिहिता आला नाही तरी चालते. फाइल नेमकी कोणत्या पायरीवर अडली एवढे त्याला सांगता आले, तर त्याच्या चार ओळींच्या तक्रारीने जगभरच्या तशा फाइली चालू होऊ शकतात. म्हणून आधी त्या पायऱ्या समजून घेऊ.

डबा आणि आतला जिन्नस

आपल्याकडे डालड्याच्या पिवळ्या डब्यात तांदूळ भरून ठेवायची रीत होती. डब्यावरचे नाव वाचून आत तूप असेल असे घरातले कोणी समजत नसे, पण नवख्या पाहुण्याची फसगत व्हायची. व्हिडिओ फाइलच्या नावाचा शेवट म्हणजे असेच डब्यावरचे नाव. एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही ही डब्यांची नावे आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीने बांधले आहे, हे त्यावरून ठरत नाही. एकाच एमपी४ डब्यात २००३ साली प्रमाण ठरलेल्या एच.२६४ पद्धतीचे चित्र असू शकते, २०१३ च्या एच.२६५ चे असू शकते, किंवा २०१८ मध्ये जाहीर झालेल्या एव्ही१ चेही. ‘माझ्याकडे एमपी४ चालतो, मग हाच का नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. डबा ओळखीचा आहे, जिन्नस अनोळखी.

या डब्याला कंटेनर म्हणतात. त्यात चित्राचा एक प्रवाह, आवाजाचे एक किंवा अधिक, कधी सबटायटलचा, आणि कोणता तुकडा कोणत्या क्षणी दाखवायचा याची नोंद असते. चित्र किंवा आवाज आवळून बांधण्याची आणि पुन्हा उलगडण्याची जी पद्धत, ती कोडेक. प्लेयरला आधी डबा उघडावा लागतो, मग आतले प्रवाह वेगळे करावे लागतात, प्रत्येकाला योग्य तो कोडेक लावावा लागतो आणि शेवटी चित्र पडद्यावर व आवाज स्पीकरवर एकाच ठेक्यात पाठवावा लागतो. चारही पायऱ्या सुरळीत झाल्या, की आपण म्हणतो ‘चालले’. एक जरी चुकली, तरी आपली तक्रार एकच असते: ‘चालत नाही’.

एवढे आवळायचे कशाला?

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका चित्राला ६२ लाखांहून अधिक बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे साडेपंधरा कोटी बाइट. तासाभराच्या चित्रणाचे झाले सुमारे ५६० जीबी. साध्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. न आवळता व्हिडिओ घरात ठेवणेच शक्य नाही.

आवळण्याची पहिली युक्ती डोळ्याच्या मर्यादेवर बेतलेली आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक आपल्याला चटकन दिसतो, रंगातला तितका दिसत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतात. रंगाचे हे दोन आकडे असतात, आणि त्यांचे शून्य कुठे मानले जाते ही बारीकशी गोष्ट पुढे एक कोडे सोडवायला उपयोगी पडणार आहे.

दुसरी युक्ती जास्त मोठी. बारशाच्या चित्रणात मागची भिंत, पडदे, पाळण्याचा खांब सेकंदाला पंचवीस वेळा जसेच्या तसे टिपले जातात. ते दर वेळी पुन्हा साठवण्याची गरज नाही. म्हणून अधूनमधून एक संपूर्ण चित्र साठवतात आणि त्यानंतरच्या चित्रांसाठी नुसते बदल लिहून ठेवतात: हा चौकोन दोन ठिपके डावीकडे सरकला, तिथे थोडा उजळला. संपूर्ण चित्राला ‘आय’ फ्रेम म्हणतात आणि मागच्या चित्रावर विसंबणाऱ्याला ‘पी’ फ्रेम. काही चित्रे मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांवरून घडवली जातात, त्या ‘बी’ फ्रेम. बी फ्रेम उलगडायची, तर तिच्या पुढचे चित्र आधीच हाताशी हवे. त्यामुळे फाइलमधला क्रम आणि पडद्यावरचा क्रम वेगळा ठेवावा लागतो. व्हिडिओच्या तक्रारींतला मोठा वाटा या एका गोष्टीतून उगवतो.

भाचीच्या व्हिडिओचा उलगडा आता होतो. २०१७ पासून आयफोन एच.२६५ पद्धतीने चित्रण करू शकतात, कारण तेवढ्याच जागेत जास्त चित्रण मावते. या पद्धतीवर अनेक कंपन्यांचे पेटंट आहेत आणि वापराचे शुल्क आहे. म्हणून विंडोजमध्ये ती सरसकट मिळत नाही, वेगळी घ्यावी लागते. आवाजाची पद्धत मात्र जुनी आणि ओळखीची, म्हणून पाळणा ऐकू येतो. लग्नाच्या डीव्हीडीचेही असेच आहे. तिच्यातल्या एमपेग-२ पद्धतीलाही शुल्क होते, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी दाखवण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमधून काढून टाकली. चकतीला काही झालेले नाही, तिची भाषा जाणणारा संगणकातून गेला आहे.

पाहिलेल्या फाइलींवरून शिकलेले सॉफ्टवेअर

व्हीएलसीची सुरुवात १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल साँत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवे होते, आणि त्यावरून दूरचित्रवाणी पाहता येईल असा प्रकल्प त्यांनी मांडला. २००१ च्या फेब्रुवारीत तो मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला झाला. ‘१.०’ हा आकडा लावायला २००९ चा जुलै उजाडला. म्हणजे खुला झाल्यापासून आठ वर्षे लोक जे वापरत होते, ते त्याच्या कर्त्यांच्या लेखी अजून पूर्ण झालेलेच नव्हते.

व्हीएलसीच्या पोटात कोडेकचे बरेचसे काम एफएफएमपेग हा दुसरा मुक्त प्रकल्प करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने तो २००० साली सुरू केला. जगातल्या शेकडो पद्धती या एका ठिकाणी उलगडल्या जातात. पण त्यातल्या कित्येक पद्धतींचे नियम त्यांच्या कंपन्यांनी कधी प्रसिद्धच केले नव्हते. मग स्वयंसेवकांनी फाइलींचे बाइट न् बाइट तपासून, मूळ सॉफ्टवेअर कसे वागते हे निरखून ते नियम शोधून काढले. अशा पद्धतीबद्दल सॉफ्टवेअरला असलेले ज्ञान त्याच्या कर्त्यांनी पाहिलेल्या फाइलींपुरतेच असते. नियम प्रसिद्ध असले तरी सगळे ते पाळतात असे नाही. एखाद्या कॅमेऱ्यात नोंद चुकीच्या जागी लिहिलेली असते. सोसायटीच्या सीसीटीव्हीचा रेकॉर्डर एच.२६४ चे चित्र स्वतःच्याच घडणीच्या डब्यात भरतो आणि फाइलला भलतेच नाव देतो.

हे प्रकल्प स्वतःची तपासणी करत नाहीत असे नाही. एफएफएमपेगकडे नमुना फाइलींचा संग्रह आहे आणि त्यावर हजारो आपोआप चालणाऱ्या चाचण्या आहेत. नमुना उलगडायचा, निघालेल्या चित्रांवरून एक ठरावीक आकडा काढायचा आणि तो आधी नोंदवलेल्या आकड्याशी जुळतो का पाहायचे. एका ठिपक्याचा फरक पडला तरी आकडा बदलतो. काल जे चालत होते ते आज मोडले नाही ना, याची खात्री त्यातून चोख मिळते. पण संग्रहात जी फाइल कधी आलीच नाही, तिच्याबद्दल ही यंत्रणा काहीच सांगू शकत नाही. तुमच्या कपाटातल्या कॅसेटवरून कोणीतरी संगणकात उतरवलेली फाइल त्या संग्रहात नाही. बीटा आवृत्ती लोकांच्या हाती देण्यामागचे खरे कारण हे आहे.

दुसरे कारण यंत्रांच्या विविधतेचे. हल्ली चित्र उलगडण्याचे काम मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिप करते. त्याने वीज वाचते आणि मोठे चित्र न अडखळता दिसते. २०१८ च्या फेब्रुवारीत आलेल्या व्हीएलसी ३.० मध्ये ही सोय मुळातच चालू ठेवण्यात आली. त्यामुळे व्हिडिओ नीट दिसणे हे जगातल्या असंख्य चिप आणि त्यांना चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून राहू लागले. एवढी यंत्रे कोणत्याही प्रयोगशाळेत मांडून ठेवता येणार नाहीत. ती लोकांच्या घरी असतात.

पडद्यावरची लक्षणे वाचायला शिकू

फाइल मुळीच उघडत नसेल, तर पहिला संशय डब्यावर घ्यावा. एमपी४ मध्ये कोणता तुकडा कुठे आहे याची सूची असते. कॅमेरे आणि फोन ती बहुधा चित्रण थांबवल्यावर लिहितात. मिरवणूक टिपताना मध्येच फोनची बॅटरी संपली, तर चित्रणाचा सगळा माल फाइलमध्ये असतो, पण सूची नसते, आणि तिच्यावाचून प्लेयरला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. एव्हीआयची सूचीही शेवटीच असते. पण तिथे प्रत्येक तुकड्यावर स्वतःची खूण असल्याने सूची नव्याने बांधता येते, आणि व्हीएलसी तसे करू का म्हणून विचारतो.

आवाज येतो पण चित्र काळे, म्हणजे डबा नीट उघडला आणि कोडेकपाशी अडले. हे पडताळणे सोपे आहे. व्हीएलसीत कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबली की फाइलची माहिती उघडते. तिथे प्रत्येक प्रवाहाची पद्धत, चित्राचा आकार आणि सेकंदाला किती फ्रेम हे लिहिलेले असते. ‘मीडियाइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर यापेक्षा खोलात जाऊन सांगते. मी तर म्हणेन, फाइल चालो न चालो, ही माहिती एकदा वाचून पाहावी. डब्यावरचे नाव आणि आतला जिन्नस किती वेगळे असतात, हे त्याशिवाय मनात ठसत नाही.

हिरवा पडदा सर्वांत बोलका. उजळपणाचा आणि रंगाचे दोन असे तीन आकडे ठिपक्यामागे असतात हे वर पाहिले. रंगाचे आकडे ० ते २५५ च्या दरम्यान असतात आणि ‘रंग नाही’ याचा अर्थ शून्य असा नसून मधला १२८ असा असतो. आता चित्र उलगडलेच गेले नाही आणि त्याच्यासाठी राखलेली जागा नुसत्या शून्यांनी भरलेली राहिली, तर काय होईल? उजळपणा शून्य म्हणून काळे दिसावे, असे वाटते. पण रंगाचे दोन्ही आकडे मधल्या जागेपासून पार खाली गेलेले असतात. त्यांचे लाल-हिरवा-निळ्यात रूपांतर केले की लाल आणि निळा शून्याखाली जातात आणि उरतो नुसता हिरवा. म्हणजे हिरवा पडदा सांगतो, की दाखवण्याची यंत्रणा चालू आहे, तिच्याकडे चित्र पोहोचलेले नाही. पुष्कळदा हा ग्राफिक्स चिप आणि प्लेयर यांच्यातला बेबनाव असतो. प्राधान्यांमध्ये जाऊन हार्डवेअर डिकोडिंग बंद करावे आणि तीच फाइल पुन्हा लावावी. चित्र आले, तर दोष फाइलचा किंवा कोडेकचा नाही, चिपकडे काम सोपवण्याच्या वाटेवरचा आहे. एका मिनिटाच्या या प्रयोगाने दोष शोधणाऱ्याचे कित्येक तास वाचतात.

राखाडी चित्रावर माणसांच्या आकृत्यांचे डाग सरकताना दिसले, तर समजावे की आधाराचे संपूर्ण चित्र हरवले आहे आणि प्लेयर नुसते बदलच रंगवतो आहे. फीत पुढे सरकवल्यावर क्षणभर असे झाले तर तो दोष मानू नये, पुढची आय फ्रेम आली की चित्र सावरते. डीव्हीडीत ती साधारण अर्ध्या सेकंदाला येते, इंटरनेटवरच्या फाइलींत दोन ते दहा सेकंदांनी. पण फाइल अगदी सुरुवातीपासून लावूनही प्रत्येक वेळी असे दिसत असेल, तर ते कळवण्याजोगे आहे.

आवाज आणि ओठ जुळत नसतील, तेव्हा आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच आहे, की वाढत जाते? सारखे असेल, तर नुसता आरंभबिंदू चुकला आहे. व्हीएलसीत जे आणि के ही अक्षरे दाबून आवाज मागेपुढे करता येतो, सबटायटलसाठी जी आणि एच. अंतर वाढत जात असेल, तर चालीचा हिशेबच चुकला आहे. चित्रपटगृहासाठीची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची चाल २५ ची. एका चालीसाठी केलेले सबटायटल दुसऱ्या चालीच्या फाइलला लावले, तर तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचे अंतर पडते.

एव्हीआय फाइलींत हा घोळ जास्त होतो, आणि त्याला इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टने हा डबा १९९२ मध्ये आणला. फ्रेम ज्या क्रमाने लिहिल्या, त्याच क्रमाने दाखवायच्या, असे त्यात गृहीत धरले होते. पुढे डिव्हएक्स आणि एक्सव्हिड या पद्धतींच्या फाइली गावोगाव फिरू लागल्या, तेव्हा त्यांच्यातल्या बी फ्रेमना क्रमाची अदलाबदल हवी होती आणि डब्यात ती लिहायला जागा नव्हती. मग दोन फ्रेम एकाच तुकड्यात कोंबायच्या आणि पुढचा तुकडा रिकामा ठेवायचा, अशी पळवाट काढण्यात आली. ही पळवाट माहीत नसलेला प्लेयर अडखळतो. माहीत असलेल्या प्लेयरलाही अशी प्रत्येक फाइल शंकेने पाहावी लागते. २००२ च्या डिसेंबरात एमकेव्ही हा डबा जाहीर झाला. त्यात प्रत्येक तुकड्यावर स्वतःची वेळ असते, आणि कितीही प्रवाह ठेवता येतात.

एक लक्षण मात्र दोष नव्हे. जुन्या हँडीकॅमच्या चित्रणात हलत्या हाताच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसतात. त्या काळी चित्र एकाआड एक ओळींच्या दोन हप्त्यांत टिपले जाई. आजचा पडदा दोन्ही हप्ते एकदम दाखवतो. प्लेयरमधला डीइंटरलेस हा पर्याय लावला की ते जाते.

पूर्वी चालत होते, आता चालत नाही

बीटा तपासणाऱ्याने देण्यासारखी सर्वांत मौल्यवान बातमी म्हणजे ‘ही फाइल मागच्या आवृत्तीत चालत होती.’ याचा अर्थ मधल्या काळातल्या एखाद्या बदलाने ती मोडली. तो बदल शोधायची एक देखणी रीत आहे. व्हीएलसीच्या कच्च्या आवृत्त्या रोज रात्री आपोआप तयार होतात. समजा, चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यामध्ये ६४ रात्रींच्या आवृत्त्या आहेत. सगळ्या लावून पाहायची गरज नाही. बरोबर मधली लावावी. ती चालली तर दोष नंतरच्या ३२ मध्ये, नाही चालली तर आधीच्या ३२ मध्ये. पुन्हा मधली. ३२ चे १६, १६ चे ८, आणि सहा प्रयत्नांत नेमकी रात्र हाती येते. हजार बदल असते तरी दहा प्रयत्न पुरले असते. प्रोग्रामर स्वतः बदल शोधताना हीच रीत वापरतात, पण ज्याच्याकडे फाइल आहे त्यालाच ती घरबसल्या करता येते.

नमुना पाठवताना तो बरा करू नका

दोष शोधायला कर्त्यांना फाइल लागते, आणि इथे चांगल्या हेतूने घोटाळा होतो. फाइल मोठी म्हणून लोक ती एखाद्या सॉफ्टवेअरने लहान करतात किंवा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवतात. दोन्हींत चित्र नव्याने बांधले जाते, आणि ज्या वेड्यावाकड्या बांधणीमुळे ते अडत होते ती नाहीशी होते. पलीकडे पोहोचते ती ठणठणीत फाइल. व्हॉट्सॲपच वापरायचे असेल, तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे एक बाइटही बदलत नाही. मोठ्या फाइलचा तुकडा हवा असेल, तर एफएफएमपेगमध्ये प्रवाह न उलगडता जसाच्या तसा कापण्याची सोय आहे. मात्र त्यात डबा नवा होतो. म्हणून दोष डब्यात असल्याचा संशय असेल, तर मूळ फाइलच द्यावी, आणि कापलेल्या तुकड्यात दोष अजून दिसतो की नाही ते आधी पाहावे.

घरच्या समारंभाचे चित्रण कोणालाही देण्याआधी विचार करावा, कारण दोषांची नोंदवही बहुधा सर्वांना वाचता येते. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर खिडकीबाहेरच्या झाडाचे दहा सेकंद टिपून पाहावे. दोष बहुतेकदा त्यातही येतो. फोनचे चित्रण असेल, तर फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असू शकतात. नमुना टिपण्याआधी ती नोंद फोनमध्ये बंद करावी.

> चौकट : तक्रारीत काय लिहावे
> प्लेयरची आवृत्ती आणि, रोजची आवृत्ती असेल तर, तिची तारीख. संगणकाची प्रणाली आणि ग्राफिक्स चिप. फाइलच्या डब्याचे आणि आतल्या प्रवाहांचे नाव. काय व्हायला हवे होते आणि काय झाले, आणि किती मिनिटे-सेकंदांवर. दोष दर वेळी येतो की कधीतरी. हार्डवेअर डिकोडिंग बंद केल्यावर फरक पडतो का. मागच्या आवृत्तीत चालत होते का. व्हीएलसीत कंट्रोल आणि एम दाबून उघडणारा संदेशांचा मजकूर जोडावा, तपशिलाची पातळी २ ठेवून. एका तक्रारीत एकच दोष असावा, आणि तो आधी कोणी नोंदवला आहे का ते शोधून मगच लिहावे.

बीटा घरात आणताना

व्हिडिओ फाइल उघडणे हे निरुपद्रवी काम वाटते, पण तसे ते नाही. फाइलमधल्या प्रत्येक आकड्यावर प्लेयर विश्वास ठेवत गेला, तर मुद्दाम चुकीचे आकडे लिहिलेली फाइल त्याच्याकडून नको ते करवून घेऊ शकते. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या स्टेजफ्राइट या व्हिडिओ उलगडणाऱ्या भागात अशा त्रुटी सापडल्या, तेव्हा नुसत्या एमएमएसने आलेला व्हिडिओ फोन ताब्यात घेऊ शकतो हे उघड झाले. कच्च्या आवृत्तीत अशा फटी जास्त असणार. म्हणून बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर चालतात, तिथे बीटा वापरू नये, आणि अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइली तिच्यात उघडू नयेत. जुनी आवृत्ती न काढता बीटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. दोन्ही आवृत्त्या एकाच ठिकाणच्या सेटिंग वाचत असतील, तर दोष कळवण्याआधी सेटिंग मूळपदावर आणून एकदा पडताळावे.

बीटा घ्यायची ती कर्त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ काही महिने उघडत नव्हते. कायदेशीर नोटीस दिल्यानंतर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. अधिकृत दार बंद असले, की लोक शोधयंत्रात सापडेल त्या ठिकाणाहून तेच नाव असलेले सॉफ्टवेअर उतरवून घेतात, आणि त्यात काय मिसळले आहे हे पाहण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नसतो. ‘सगळे कोडेक एका क्लिकमध्ये’ म्हणून मिळणारी गाठोडीही टाळावीत. चांगल्या प्लेयरला त्यांची गरज नसते.

जे फक्त आपल्यालाच दिसते

बी फ्रेमचा घोळ जगात कोणीही पकडू शकेल. पण देवनागरी सबटायटल चुकीचे उमटले, तर ते पॅरिसमधल्या प्रोग्रामरला दिसूनही दिसणार नाही. रोमन लिपीत एकामागून एक अक्षर मांडत गेले की काम भागते. देवनागरीत ‘स्थिती’ लिहायचे, तर फाइलमध्ये स, हलन्त, थ, मग र्‍हस्व वेलांटी असा क्रम असतो, आणि पडद्यावर वेलांटी जोडाक्षराच्या आधी यावी लागते. मात्रा आणि जोडाक्षरे जुळवण्याचे हे काम वेगळे सॉफ्टवेअर करते. व्हीएलसीच्या जुन्या आवृत्त्या ते करत नसत. त्यामुळे हलन्त सुटा दिसे आणि वेलांटी अक्षराच्या मागे पडे. ३.० मध्ये हार्फबझ हा जुळणी करणारा भाग जोडला गेला आणि आपली सबटायटल वाचण्याजोगी झाली.

तरीही तपासण्याजोगे बरेच उरते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी चौकोन दिसतो. ‘दुसऱ्या’ मधला ऱ हिंदी मजकुरात येत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासलेले सॉफ्टवेअर तिथे चुकू शकते. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, आणि मजकूर मराठी आहे हे प्लेयरने फॉन्टला कळवले तरच ते उमटतात.

याची चाचणी कोणालाही करता येईल. नोटपॅडमध्ये तीन ओळींची एसआरटी फाइल करावी, तिच्यात ‘स्थिती’, ‘दुसऱ्या’, ‘ॲड.’, ‘वाङ्मय’, ‘त्र्यंबक’, ‘लक्ष’ असे शब्द घालावेत आणि यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत ती जतन करावी. बीटा प्लेयरमध्ये कोणत्याही व्हिडिओवर ती लावून पडद्याचा फोटो घ्यावा. तेच शब्द ब्राउझरमध्ये, शक्य तर त्याच फॉन्टमध्ये उघडून दुसरा फोटो घ्यावा. दोन्हींत फरक दिसला, तर दोन्ही फोटो शेजारी ठेवून, चुकलेल्या अक्षराभोवती लाल गोल काढून एसआरटी फाइलसह पाठवावेत. ज्याला देवनागरी वाचता येत नाही, त्यालाही मग चूक कुठे आहे ते दिसते आणि सुधारणा झाली की नाही हे स्वतः पडताळता येते.